गंजीतला हात

मशीन वाईट नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या खजुरी गावात जो तो उठतो आन् मशीनच्या नावानं बोटं मोडतो. अरे बाबांनो, लोखंडाला काय कळतंय? कळायला पायजे व्हतं ते मला. मी नागनाथ पांचाळ, लोहाराच्या पोटचा. जन्मात एकच डोकेबाज गोष्ट केली आन् तीच माझ्या उरावर बसली.

पण मशीनच्या आधी मारोतीचा हात सांगावा लागंल. उजवा हात.

कडबा म्हंजे ज्वारीची वाळली ताटं, जनावराचं वर्षाचं पोट. त्याच्या पेंढ्या बांधून गंज रचतेत. कडबा नीट वाळला असला तर गंज दोन-दोन वर्षं टिकती. पण ओल राह्यली तर आत ऊब धरती. भाईर काई दिसत न्हाई. ऊब वाढत जाती, कडबा काळा पडतो, आन् एखाद्या दिशी काडी न लावता गंज आपसूक पेटती. हे आमच्याकडं लेकरालाबी ठावं हाय. आत ऊब किती हे मात्र कुणाला ठावं नसतंय. त्यासाठी मारोतीला बोलवायचं.

मारोती यायचा, सदऱ्याची बाही वर सारायचा आन् गंजीत हात घालायचा. मनगट न्हाई, कोपर न्हाई, पार खांद्यापतुर. डोळे मिटून उभा राह्यचा. आजूबाजूची माणसंबी गप. मग हात काढून सांगायचा, "थंड हाय, निवांत निजा." न्हाईतर, "चार दिस हाईत, मग फोडा." न्हाईतर नुसतं, "फोडा." तो 'फोडा' म्हणला की घरातली बायामाणसं स्वयपाक टाकून पळत यायची, पेंढ्या उपसून उन्हात पसरायची. एकदाबी त्याचं चुकलं न्हाई. मादन हिप्परग्याहून त्याला न्यायला गाडी यायची.

मारोती बौद्धवाड्यातला. छप्पनच्या नंतर त्याच्या बापानं दीक्षा घेतली, देव सोडले, तवा गावानं काय काय नावं ठेवली ते मला आठवतंय. ज्या घरात त्याला पाणी वरून वतायचे, त्या घरची वर्षाची वैरण त्याच्या हातावर व्हती. त्याला हे कळत व्हतं. एकदा मला म्हणला, "अण्णा, मला कुणी बस म्हणत न्हाई. पण माझा हात गंजीत असला की पाटीलबी उभा राहतोय." आन् हसला. त्या हाताचा त्याला लई अभिमान व्हता, आन् का नसावा? आमच्या गावात त्याला माणूस म्हणून उभं करणारी तीच एक गोष्ट व्हती.

मी त्याच्यापेक्षा दोन वर्षानं थोरला, म्हणून मला अण्णा म्हणायचा. दोस्त व्हता माझा. आजबी हाय. हे दुसरं वाक्य त्याचं मोठेपण हाय, माझं न्हाई.

आता मशीन.

मी गुलबर्ग्याला कापसाच्या प्रेसमधी सात वर्षं फिटर व्हतो. रुई दाबायची, पट्ट्या आवळायच्या, झालं. बाहत्तरचा दुष्काळ पडला तवा गावाकडं आलो. त्या साली वैरणीचे ट्रक यायचे, उंच भरलेले, जनू डोंगर चाललाय. खाली केलं की दोन दिवसात संपायचं. अरे, ट्रकभर हवाच आणायलेत की हे, मी मनात म्हणलं. तेच गुरुशांतप्पाच्या मनात आलं. गुरुशांतप्पा म्हंजे आळंदचा आडत्या. खजुरीच्या भाईर रस्त्याला त्याचं पत्र्याचं मोठं शेड व्हतं. मला बोलावलं, पान दिलं आन् म्हणला, "नागनाथ, कापूस दाबतोस. कडबा दाबता येईल का?"

"येईल की अप्पा," मी म्हणलं. मला न्हाई म्हणायची सवय न्हाई. तिथंच घोडं पेंड खातंय.

पयलं मशीन केलं ते लाकडी पेटीचं. वरून प्रेसचा जुना स्क्रू. दोन माणसं दांडा धरून गोल फिरायची, घाण्याचे बैल फिरतेत तशी. एक गठ्ठा निघायला पाव तास. वरून सुतळीनं बांधला की रात्रीत फुगायचा आन् सुतळी तटातटा तुटायची. सकाळी शेडात बघावं तर समदं पसरलेलं. गाव हसलं. "पांचाळाचं मशीन आन् तेलंगाची वरात, दोन्ही सकाळपतुर टिकत न्हाईत," असं म्हणत व्हते. मला राग आला. मला राग आला की मी काम करतो.

दुसऱ्या साली डिझेल इंजिन बसवलं. पट्ट्यावर चाक, चाकावर दांडा, दांड्याच्या टोकाला दट्ट्या. दट्ट्या पुढं-मागं जायचा आन् पेटीत टाकलेला कडबा हाणून हाणून बसवायचा. पेटीच्या तोंडाला पातं लावलं, भाईर लोंबणारी ताटं आपोआप कापायची. आन् मग ती गोष्ट सुचली. दट्ट्याच्या तोंडाला उभ्या खाचा पाडल्या. म्हंजे कडबा दाबात असतानाच खाचेतून तार पलीकडं घालता येती, दाब सोडायची गरजच न्हाई. तारेच्या दोन टोकांना पीळ द्यायला मुठीएवढा आकडा केला. तीन वेढे सुलटे, एक उलटा. तो पीळ बैल लावून वढला तरी सुटत नव्हता. पक्कड घेऊन तारच तोडावी लागायची.

पयला गठ्ठा पेटीतून निघाला तवा मी त्याच्यावर उभा राह्यलो. दबला न्हाई. गुरुशांतप्पा, त्याचे हमाल, समदे बघत व्हते. मारोतीबी व्हता. मीच त्याला कामावर घेतलं व्हतं, पेटीत कडबा सारायला आन् तार पिळायला. कडब्याची पातं हाताला कापतेत, म्हणून तो उजव्या हाताला कोपराच्या वरपतुर पोतं गुंडाळायचा. सुतळीनं बांधलं की सुटायचं, काम थांबायचं. म्हणून मीच त्याला तारेचे तुकडे दिले, आन् मनगटाला आन् कोपराला मीच पीळ मारून दिला. "आता बापाच्यानंबी सुटत न्हाई बघ," मी म्हणलं. दोघंबी हसलो. रोज सकाळी मी पीळ मारायचो, रोज संध्याकाळी पक्कड लावून काढायचो.

त्या दिशी मारोती गठ्ठ्याजवळ आला. पोतं काढलं व्हतं. त्यानं सवयीनं हात घालायला बघितलं. बोटं रोवली. नखाएवढंबी आत जाईना. दुसऱ्या बाजूनं बघितलं, तिथंबी तेच. मग त्यानं माझ्याकडं बघितलं. ते बघणं मला झोपेतबी दिसतंय. आन् मी काय केलं? मी टाळी वाजवली. म्हणलं, "ह्याला म्हणतेत दाब!"

तिसऱ्या साली हायब्रीड ज्वारी गावभर पेरली. कणीस मोठं, ताट अंगठ्याएवढं जाड. वरून वाळलेलं दिसतंय, आत रस असतोय. त्यात मार्गशीर्षाच्या तोंडावर अवकाळी पडला, दोन दिवस. कडबा रानात भिजला. गुरुशांतप्पानं सोलापूरच्या एका दूधवाल्याला बारा ट्रक गठ्ठे कबूल केले व्हते, येळवशीचा सण झाला की ट्रक येणार. तो म्हणला, "नागनाथ, वरून वाळलाय. चालू कर."

मारोतीनं एक ताट उचललं, मोडलं, चावलं.

"गोड लागायलंय, अण्णा. आत पाणी हाय."

"मग दाबल्यावर निघून जाईल की!"

"पाणी जाईल. ऊब कुठं जाईल?"

"ऊब धरायला वारा लागतो, येड्या," मी म्हणलं. हे मी मोठ्यानं म्हणलं, हमाल ऐकत व्हते म्हणून. "गंजीत वारा असतो म्हणून ती पेटती. माझ्या गठ्ठ्यात वाऱ्याला जागाच न्हाई. इस्तवावर पातेलं पालथं घातलं तर काय व्हतं? इझतो. कळलं का?"

माझं बोलणं बरोबर वाटत व्हतं, हेच वाईट. तो नुसता म्हणला, "मग असं करा. दाबताना मधी एक बांबू ठिवा. गठ्ठा निघाला की बांबू वढून घ्यायचा. बीळ राहील. मला हात घालता येईल."

बांबूनं खाचा अडतेत, तार नीट बसत न्हाई, गठ्ठ्याचं वजन घटतं. हे खरं व्हतं. पण मी असं बोललो न्हाई. मी म्हणलं, "मारोती, तुझ्या एका हातासाठी मशीन बदलू व्हय रे आता?"

हमाल हसले. मारोतीनं पोतं गुंडाळलेला हात पुढं केला आन् मी पीळ मारला.

तीन आठवडे गठ्ठे काढले. शेड पत्र्यापतुर भरलं. त्या साली थंडी लई कडक. आन् शेडात काय काय व्हायला लागलं ते सांगतो, कारण त्यातलं एकबी आमाला वाईट वाटलं न्हाई. पयलं म्हंजे गावातली कुत्री. सांजच्याला समदी कुत्री शेडाकडं जायची आन् गठ्ठ्यावर चढून निजायची, मधल्या थप्पीवर, तिथंच. आमी म्हणलं, बघा, कुत्र्यालाबी गादी पायजे. मग वास. गुऱ्हाळात काहील उतरवतेत तसा गोड वास. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून नाक वर करायची. "काय नागनाथ, गूळ करायलास का?" इचारायची. बैलं तर त्या गठ्ठ्यातला कडबा असा खायची की दावं तोडतेत का काय. गुरुशांतप्पा खूश. आन् सकाळी समद्या रानावर दव पडायचं, पत्र्यावरबी पडायचं, पण पत्र्याच्या मधल्या भागावर न्हाई. तिथं कोरडं. ते मारोतीनं मला बोटानं दाखवलं. मी बघितलं आन् इंजिनला डिझेल वतायला गेलो.

येळवशीच्या आदल्या दिशी त्यानं माझी लांब सळई घेतली. घणानं ठोकून दोन गठ्ठ्यांच्या मधून आत घातली. तंबाखू मळली, खाल्ली, थुंकला. मग सळई वढून काढली आन् गालाला लावली. लगेच झटका देऊन लांब केली.

"अण्णा, उद्या फोडायचं. समदं."

"उद्या येळवस हाय."

"मला ठावं हाय."

आता येळवस म्हंजे काय हे भाईरच्याला सांगाय लागतं. मार्गशीर्षाची अमावस्या. त्या दिशी आमच्या भागात गावात माणूस राहत न्हाई. बिदर म्हणा, उदगीर म्हणा, आळंद म्हणा, समदे रानात. घराला कड्या. पाच पेंढ्यांची कोप करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, समद्या शेंगा-भाज्यांची भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, पाव्हणे-रावळे. त्या दिशी कुणाला हजार रुपये देतो म्हणलं तरी काडी उचलणार न्हाई. शंभर-शंभर गठ्ठ्यांच्या थप्प्या उपसायला वीस माणसं लागली असती. वीस काय, एक मिळाला नसता.

"परवा माणसं लावू," मी म्हणलं.

"परवा," मारोती म्हणला. नुसता तेवढाच शबूद.

मी गुरुशांतप्पाच्या कानावर घातलं. तो हसला. "परवा ट्रकच येणार हाईत की. गठ्ठे ट्रकात चढले की वाऱ्यानं थंड होतेत." मलाबी तेच ऐकायचं व्हतं.

मारोती दर साली आमच्या रानात यायचा येळवशीला. कोपीपुढं हात जोडायचा न्हाई, लांब लिंबाखाली बसायचा. पण भज्जी मात्र दोनदा मागून खायचा. त्या साली म्हणला, "नागूबाईला घेऊन जावा. मी शेडात बसतो. आमची कुठं येळवस?" नागूबाई त्याची बायको. मी म्हणलं, "दुपारी भज्जी पाठवतो." सकाळी जाताना त्यानं हात पुढं केला. मी म्हणलं, "आज कशाला पोतं? आज काम हाय का?" म्हणला, "वरचे दोन-चार गठ्ठे हालवून बघतो. पीळ मारा." मी पीळ मारला. घाईत व्हतो, चांगला आवळून मारला.

भज्जी पाठवायची राह्यली. पाव्हणे लई व्हते.

दिवसभर कसा गेला कळलं न्हाई. आंबील शिंपडत पोरं "व्हलगे व्हलगे सालम पलगे" करत रानभर पळाली. दुपारी एकदा शेडाकडं बघितलं. आमचं रान शेडापासून तीन बांधावर, मधी सपाट, समदं दिसतंय. पत्र्याच्या वर पांढरं काईतरी हालत व्हतं. प्रत्येक रानात चूल पेटली व्हती, प्रत्येक रानातून धूर निघत व्हता. एक धूर जास्त झाला तर कुणाला कळणार?

दिवस बुडायला आला. आता हेंडगा. वाळलं गवत, कडबा लांब बांधून पेटवायचा आन् एकानं तो घेऊन रानाच्या कडंकडंनं पळायचं, बाकीच्यांनी मागून बोंब ठोकायची. अंधार पडता पडता चहूकडं हेंडगे दिसायला लागतेत, ह्या रानात एक, त्या रानात एक, पळणारे. लई साजरं दिसतंय. आमचा हेंडगा माझ्या भाच्यानं नेला. आमी बांधावर उभे राहून वरडत व्हतो.

तेवढ्यात शेडाच्या अंगानं उजेड झाला. मोठा. कुणीतरी म्हणलं, "गुरुशांतप्पाचा हेंडगा बघा! पैसेवाल्याचं समदंच मोठं." मी मान हालवली. खरंच हालवली. मग त्या उजेडातून एक लहान जाळ सुटा झाला आन् आमच्याकडं पळत यायला लागला. पळणारा माणूस मला वळखू आला. मारोती डाव्या पायात जरा लंगडतो, लहानपणी काटा मोडला व्हता. ती चाल माझी वळखीची.

"आला!" मी वरडलो. "अरे बघा, आमचा मारोती हेंडगा घेऊन आला! म्हणत व्हता आमची येळवस न्हाई!" आन् मी बोंब ठोकली. हाताची वळलेली मूठ तोंडावर मारत, जोरात. माझ्यामागं समद्यांनी ठोकली. तो एक बांध चढला, उतरला. आमी नाचत व्हतो. तो पडला, उठला, आन् आमी हसलो. दुसरा बांध.

नागूबाई हसत नव्हती. ती म्हणली, "त्यांनी हेंडगा कवा धरलाय जन्मात?"

मग आमी बघितलं की तो जाळ हातात धरलेला न्हाई.

मी कसा पळालो ते मला ठावं न्हाई. पाणी हिरीत. जवळ काय व्हतं? आंबिलीचा माठ. तोच उचलून त्याच्या हातावर वतला. जाळ इझला, पोतं मात्र आत धुमसतच व्हतं, डिझेल प्यालेलं, कडब्याच्या भुश्यानं भरलेलं. "काढा, अण्णा, काढा," तो म्हणत व्हता, हळू, शेजारी झोपलेल्याला उठवतेत तसं. काढायला तार सोडायला पायजे. तीन वेढे सुलटे, एक उलटा. तार लाल न्हाई, पण हात लावता येत नव्हता. मी लावला. बोटाची कातडी तारेला चिकटली. सुटंना. पक्कड शेडात. मी दात लावले. कोपराचा पीळ सुटंना, मनगटाचा सुटंना. नागूबाईनं मला बाजूला ढकललं आन् भाजी चिरायच्या इळ्यानं पोतंच फाडलं. पोत्याबरोबर काय काय निघालं ते सांगत न्हाई.

काय झालं ते त्यानं गुलबर्ग्याच्या दवाखान्यात सांगितलं. दुपारी गठ्ठ्यांतून वाफ यायला लागली. शेडात पाण्याचं एकच पिंप व्हतं, ते त्यानं वतलं. मग एकट्यानं वरचे गठ्ठे वढून टाकले, चाळीसेक. मधल्या थप्पीला पोचला. एक गठ्ठा वरून करपला व्हता. गंज तापली की फोडायची, हे त्याचं चाळीस वर्षाचं ज्ञान. पक्कड घेतली, तार तोडली. गठ्ठा उमलला. दोन साल त्याला गठ्ठ्यात हात घालता आला नव्हता. आता जागा झाली. त्यानं डोळे मिटले आन् हात घातला, खांद्यापतुर.

आत इस्तू व्हता, आन् वाऱ्याची वाट बघत व्हता. पातेलं पालथं घातलं की इस्तू इझतो असं मी म्हणलो व्हतो. उघडल्यावर काय व्हतं ते मी बोललोच नव्हतो. पोतं पेटलं, थप्पी पेटली. पक्कड त्याच्या हातातून कुठं पडली ते दिसंना.

शेड तीन दिवस जळलं. राखेत माझं मशीन उभं व्हतं, लाकूड गेलं, लोखंड तसंच. आन् राखेवर तारांचे चौकोन पडले व्हते, शेकड्यानं, आतला कडबा जाऊन नुसत्या तारा. मी एक एक बघितली. एकाचाबी पीळ सुटला नव्हता.

डॉक्टरनं हात वाचवला. मांडीची कातडी काढून लावली. बोटं हालतेत, तांब्या धरता येतो. आठ महिन्यांनी मारोती घरी आला. लोकं म्हणले, नशीब.

मी ते मशीन पुन्हा उभं केलं. शिव्या द्या, पण केलं. पेटीच्या मधोमध लोखंडी नळी बसवली. खाचा दोन्ही बाजूला सरकवल्या, दट्ट्याला मधी भोक पाडलं. सहा महिने लागले. आता गठ्ठा निघाला की नळी मागं सरकती आन् गठ्ठ्यात आरपार बीळ राहतं, हात जाईल एवढं. वजन घटतं, घटू दे. असं मशीन सोलापुरापतुर कुणाकडं नव्हतं. त्यानं बांबू ठिवा म्हणून सांगितलं तवा दोन दिवसाचं काम व्हतं ते.

पयला गठ्ठा बैलगाडीत घालून मी त्याच्या दारात नेला. चैत्राचं ऊन व्हतं. गाडी सकाळपून उन्हात उभी, गठ्ठ्याला भाईरूनच हात लावता येत नव्हता. बौद्धवाड्यातली माणसं गोळा झाली. गावातलीबी चार आली, पाटलाचा थोरला आला. मी म्हणलं, "मारोती, तुझ्यासाठी केलंय. घाल हात."

त्यानं बिळाकडं बघितलं, लई वेळ. मग बाही वर सारली. कातडी चकचकीत, एकबी केस न्हाई. खांद्यापतुर हात घातला. डोळे मिटले. समदे गप झाले, पाटलाचा थोरलाबी. नागूबाई दारात उभी व्हती.

बराच वेळ गेला. एरवी एवढा लागत नव्हता.

"डावा घालून बघ," मी हळूच म्हणलं.

"त्याला काय ठावं?" तो म्हणला. त्यानं हात काढला न्हाई, डोळे उघडले न्हाईत. मग माझ्याकडं तोंड करून, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार न्हाई असं इचारलं, "अण्णा, तुमीच सांगा. थंड हाय का ऊन?"

माणसं अजून गपच उभी व्हती, तो काय सांगतोय ते ऐकायला.